कवडशांची मोजणी

वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीत डाव्या हाताच्या खिडकीशी जागा मिळाली, की कामण सोडल्यापासून आमचे खारबाव येईपर्यंत तुंगारेश्वरची डोंगररांग सोबत करते. उजव्या हाताला खाडी, खाजणे आणि भिवंडीच्या दिशेने सरकत गेलो की गोदामांची पत्र्याची छपरे. डोंगराच्या बाजूला मात्र अजून झाडी आहे. याच रांगेत कामणदुर्ग आहे. त्याच्या माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. टाकी आहेत म्हणजे तिथे माणसे राहत होती. माणसे राहत होती म्हणजे वर येणारी वाट होती, वाटेवर चौकी होती, घरांची जोती होती, खाली कुठेतरी गुरांचा आणि धान्याचा बंदोबस्त होता. हे सगळे गेले कुठे? बहुतेक कुठेच गेलेले नाही. जिथे होते तिथेच, पाचोळ्याखाली आणि कारवीच्या रानात पडून आहे.

झाडीखालची जमीन विमानातून पाहण्याचे एक तंत्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभरच्या पुरातत्त्वज्ञांच्या हाती आले आहे. त्याला लिडार म्हणतात. मध्य अमेरिका, कंबोडिया, अॅमेझॉन या प्रदेशांतल्या ‘हरवलेल्या नगरां’च्या बातम्या आपण वाचतो, त्या याच तंत्राच्या. हे तंत्र काय करते, काय करू शकत नाही, आणि आपल्या भागाचा त्याच्याशी काय संबंध, एवढे मला या लेखात मांडायचे आहे. संबंध आहे, आणि वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

नावे आहेत, जागा नाहीत

आमचा तालुका इतिहासाच्या कागदपत्रांत गरीब नाही. पश्चिमेला सोपारा, तिथला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला. दक्षिणेला खाडीपलीकडे ठाणे, म्हणजे शिलाहारांचे श्रीस्थानक. भिवंडी तालुक्यातल्या भादाणे गावाचा ताम्रपट शके ९१९ चा, म्हणजे इ.स. ९९७ चा आहे. शिलाहार राजा अपराजिताने लोणादित्याच्या देवळाला हे गाव दिल्याची नोंद त्यात आहे. ते देऊळ जिथे होते ते लवणेतट म्हणजे आजचे लोनाड, जिथे बौद्ध लेणेही आहे. पुढे १५३४ पासून वसईत पोर्तुगीज, १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांकडे, १७३७ ते १७३९ मध्ये चिमाजी आप्पांची वसईची मोहीम. या प्रत्येक काळात माणसे या डोंगरांत चढली-उतरली, टेहळणी केली, मीठ आणि धान्य वाहिले, देवळे बांधली.

पण कागद आणि ताम्रपट नावे सांगतात, जमीन दाखवत नाहीत. ठाणे जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८२ मध्ये निघाले. पुरातत्त्वाच्या कामात तेव्हापासून आजपर्यंत डोंगर धुंडाळण्याची रीत फारशी बदललेली नाही: हातात कोयता, पायांत बूट, सोबत वाट माहीत असलेला माणूस. पावसाळ्यात काही दिसत नाही. दिवाळीनंतर गवत वाळू लागते, माघ-फाल्गुनात पाने गळतात, मग दोन-तीन महिने काय ते फिरता येते. कारवी माजलेली असेल तर दहा पावलांपुढचे दिसत नाही. ज्या जोत्यावर आपण उभे असतो ते जोते आहे हेही कळत नाही, कारण त्याची चौथी बाजू कधी नजरेच्या टप्प्यात येतच नाही.

ही अडचण आपलीच नाही. बेलीझ देशातले काराकोल हे माया नगर डायेन आणि आर्लन चेस या दांपत्याने आयुष्यभर अभ्यासले. पंचवीस वर्षे रान तोडत, मोजपट्ट्या लावत त्यांनी सुमारे २३ चौरस किलोमीटरचा नकाशा केला. २००९ मध्ये एका विमानाने काही दिवसांच्या उड्डाणांत २०० चौरस किलोमीटर मोजून दिले. आमचे तुंगारेश्वर अभयारण्य सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे आहे, हे लक्षात घेतले तर या आकड्यांचे माप कळते.

कवडसा उलटा करून पाहा

लिडार म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणे. विमान, हेलिकॉप्टर किंवा ड्रोनच्या पोटाला एक यंत्र बसवलेले असते. ते दर सेकंदाला लाखो प्रकाशस्पंद खाली सोडते. हा प्रकाश बहुधा आपल्या डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा असतो. स्पंद खाली कशाला तरी आपटतो, परत येतो, आणि यंत्र त्याला लागलेला वेळ मोजते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो. जाण्यायेण्याचा वेळ एवढ्या बारकाईने मोजला, की खालच्या वस्तूचे अंतर काही सेंटिमीटरच्या फरकाने कळते. त्या क्षणी विमान नेमके कुठे होते हे उपग्रह सांगतात. ते किती कलले होते हे आतली तोल मोजणारी उपकरणे सांगतात. तिन्हींचा मेळ घातला की खालच्या एका बिंदूचे अक्षांश, रेखांश आणि उंची मिळते. असे अब्जावधी बिंदू जमतात. त्यांच्या ढिगाला बिंदुमेघ म्हणतात.

मग झाडीचे काय? लेझर पानांतून आरपार जातो असा एक समज आहे. तो खरा नाही. पान प्रकाशाला अडवतेच. पण दाट रानात भर दुपारी उभे राहिलो तरी पायाशी कुठेकुठे उन्हाचे कवडसे पडलेले दिसतात. जिथे कवडसा पडतो तिथे आभाळापासून जमिनीपर्यंत एक सरळ मोकळी रेघ आहे. लेझरला तेवढी रेघ पुरते. शिवाय एकेक किरण जमिनीपर्यंत येताना पसरून ताटाएवढा रुंद होतो. त्याचा काही भाग शेंड्याच्या पानावर, काही मधल्या फांदीवर, काही खालच्या झुडपावर आणि उरलासुरला जमिनीवर आपटतो. यंत्र हे सगळे प्रतिसाद वेगवेगळे नोंदवते. शेवटचा प्रतिसाद जमिनीचा असण्याचा संभव सर्वांत जास्त.

काराकोलच्या मोजणीत दर चौरस मीटरला सरासरी वीस बिंदू मिळाले होते; त्यांतला जेमतेम सव्वा बिंदू जमिनीचा. म्हणजे ताडपत्रीसारख्या त्या रानातून शंभरातले सहा-सातच किरण खाली पोचले. तेवढ्यांनी नगर दाखवले, कारण ते नगरभर सारखे पसरलेले होते. पुढचे काम संगणकावरचे. पाने, फांद्या, घरे यांचे बिंदू वेगळे काढायचे आणि जमिनीचे तेवढे ठेवायचे. उरते ती उघडी जमीन, जणू सगळी झाडे उचलून बाजूला ठेवली आहेत. या जमिनीवर संगणकात सूर्य हवा तसा कलवता येतो. उतरत्या उन्हात शेतातला चार बोटांचा बांधही लांब सावली टाकतो, तसे अर्ध्या हाताचे जोते, बुजलेला खंदक, मोडलेली पायवाट या खोट्या तिरप्या उजेडात उठून दिसतात. दिशा बदलून पाहिले की एका उजेडात लपलेले दुसऱ्यात सापडते.

इथे आपल्या रानांचा एक फायदा आहे. सह्याद्रीच्या माथ्याकडची सदाहरित जंगले सोडली तर आमच्याकडचे रान पानगळीचे. साग, ऐन ही झाडे फाल्गुन-चैत्रात बरीचशी उघडी पडतात. त्या दिवसांत उड्डाण केले तर कंबोडियाच्या किंवा बेलीझच्या मानाने कितीतरी अधिक किरण जमिनीला लागतील. डोंगर चढायला सोपा जो हंगाम, तोच लेझरलाही सोपा.

दुसऱ्याच कामाचा उजेड

कंबोडियात २०१२ मध्ये डेमियन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून ३७० चौरस किलोमीटर मोजले. नॉम कुलेन डोंगरावर महेंद्रपर्वत नावाची राजधानी होती हे शिलालेखांतून माहीत होते. काही सुटी देवळेही ठाऊक होती. लेझरने त्या देवळांमधले सरळ रस्ते, बांध आणि चौक दाखवले, आणि सुटी देवळे एका नगराचे अवयव ठरली. भादाण्याचा ताम्रपट वाचणाऱ्याला ही गोष्ट जवळची वाटावी. नाव शतकानुशतके लेखात होते, जमीन नंतर मिळाली.

पण माझ्या मते आपल्यासाठी याहून महत्त्वाची गोष्ट मेक्सिकोतली आहे. ल्यूक ऑल्ड-थॉमस हा तरुण संशोधक गूगलवर शोधत शोधत सोळाव्या पानापर्यंत गेला. तिथे त्याला एका पर्यावरण प्रकल्पाची लिडार मोजणी सापडली. ती २०१३ मध्ये जंगलात किती कार्बन साठला आहे हे पाहण्यासाठी केली होती. झाडे मोजणाऱ्यांना जमिनीशी कर्तव्य नव्हते. ऑल्ड-थॉमसने झाडे बाजूला केली आणि जमीन पाहिली. कांपेचे राज्यातल्या १२२ चौरस किलोमीटरच्या त्या तुकड्यांत ६,७६४ बांधकामे निघाली. त्यांत मंदिरे, चेंडूचे मैदान आणि पाण्याचा साठा असलेले अख्खे नगर होते. शेजारच्या तळ्यावरून त्याला व्हालेरियाना म्हणतात. हा शोधनिबंध २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये निघाला. हे नगर कुठल्या दुर्गम दरीत नव्हते; हमरस्त्यापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर होते, आणि आसपासचे लोक तिथे शेती करीत होते.

अशी उदाहरणे आणखी आहेत. मेक्सिकोतलाच आग्वादा फेनिक्स हा १,४०० मीटर लांबीचा प्राचीन चौथरा सरकारी नकाशा खात्याच्या साध्या लिडार मोजणीत पहिल्यांदा ध्यानात आला. २०२० मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने पुराचा अंदाज बांधण्यासाठी देशाची लिडार मोजणी केली होती. २०१५ मध्ये ती सर्वांना फुकट खुली केली, तेव्हा हौशी अभ्यासकांनी घरबसल्या त्यात रोमन रस्ते शोधले. तीनही ठिकाणी उजेड पाडला दुसऱ्याने आणि दुसऱ्याच कामासाठी. इतिहास शोधणाऱ्यांनी तो फक्त वाचला.

आपल्या डोक्यावरून गेलेले विमान

आता आपल्याकडे येऊ. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या बुलेट ट्रेनचा मार्ग पक्का करताना विमानातून लिडार मोजणी झाली. भारतात रेल्वेच्या प्रकल्पासाठी हे तंत्र पहिल्यांदाच वापरले गेले. जुन्या पद्धतीने जिला दहा-बारा महिने लागले असते ती मोजणी बारा आठवड्यांत झाली, असे रेल्वेच्या कंपनीनेच सांगितले आहे. हा मार्ग भिवंडी तालुक्यातून जातो, वसईच्या बाजूला सरकतो आणि पुढे पालघर जिल्ह्यातून गुजरातेत शिरतो. म्हणजे आमच्या डोंगर-खाडीच्या पट्ट्यावर लेझरचा उजेड पडून गेला आहे. तो खांब कुठे रोवायचे हे पाहण्यासाठी होता.

दुसरी गोष्ट थेट जंगलातली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वापकोस या सरकारी कंपनीकडून वनक्षेत्रांची लिडार मोजणी करवली. जंगलात पाणी आणि चारा वाढवण्यासाठी बंधारे, चर, तळी कुठे घ्यावीत हे ठरवणे हा तिचा हेतू. २०२१ च्या जूनमध्ये दहा राज्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले. त्यांत महाराष्ट्र आहे आणि गोवाही आहे. पाणी कुठून वाहते हे पाहायला जी उघडी जमीन लागते तीच जोती आणि जुने तलाव पाहायला लागते. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशे आणि भू-माहितीवरचे जुने निर्बंध पुष्कळ सैल केले. भारतीय संस्थांना अशी माहिती गोळा करायला आणि वापरायला आता पूर्वीसारखी परवानगी लागत नाही.

थोडक्यात, यंत्र नाही, पैसा नाही ही सबब पूर्वीइतकी खरी उरलेली नाही. उजेड पडतो आहे. अडते ते मधल्या भिंतीशी. रेल्वेची मोजणी रेल्वेकडे, पाण्याची पाणीवाल्यांकडे, जंगलाची वनखात्याकडे. पुरातत्त्व शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या टेबलापर्यंत त्यातले काही येण्याची ठरलेली वाट नाही.

वरून न दिसणारे

तरीही या तंत्राने सगळे सापडेल, असे मी म्हणणार नाही. आपल्या भागातला प्राचीन वारसा मोठ्या प्रमाणात कातळात खोदलेला आहे, आणि विमान पाहते वरून. उभ्या कड्यात आडवे कोरलेले लेणे त्याला दिसत नाही. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांपैकी बहुतेकांची तोंडे त्याच्या नजरेतून सुटतील. दिसतील त्या लेण्यांभोवतीच्या गोष्टी: पायऱ्या, उघडी टाकी, पाणी अडवणारे जुने बांध, विटांच्या स्तूपांचे उंचवटे. रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पे तर काही सेंटिमीटर खोल, विमानाच्या लेझरच्या पकडीत न येणारी. ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव म्हाताऱ्या माणसांना विचारून, पायी फिरून शोधली. तिथे विचारपूस हेच खरे यंत्र ठरले.

दुसरी मर्यादा खालच्या झुडपाची. वरचा साग निष्पर्ण झाला तरी खाली कारवीची जाळी उभी असते. तिचे शेवटचे प्रतिसाद आणि जमिनीचे प्रतिसाद यांत हातभराचेच अंतर असल्याने संगणक फसतो आणि कारवीलाच जमीन समजतो. बांबूच्या बेटांतही तेच.

तिसरी मर्यादा अर्थाची. लेझर आकार दाखवतो, वय दाखवत नाही. वनखात्याने खोदलेले सलग समतल चर चित्रात एखाद्या तटबंदीच्या रांगांसारखे दिसू शकतात. कोळशाच्या जुन्या भट्ट्यांची गोल सपाटी स्तूपाच्या पायासारखी दिसते. युरोपातल्या जंगलांत अशा भट्ट्यांच्या जागा हजारोंनी निघाल्या आहेत. एका माघात मी कामणदुर्गाच्या बाजूला चढत असताना उतारावर रचलेल्या दगडांची एक लांब ओळ लागली. सोबत एक वारली काका होते. त्यांना विचारले, “काका, हा बांध कुणाचा?” ते थांबलेही नाहीत. म्हणाले, “आमच्या आज्याचा. हितं नागली होयाची.” वरकस जमिनीचा तो बांध. वरून पाहणाऱ्याला ती ओळ दिसली असती, पण ती नागलीची आहे हे काकांनाच माहीत होते. आणि नागलीचा बांध हाही इतिहासच आहे, फक्त त्याला ‘हरवलेले’ म्हणता येत नाही. ज्यांचा तो आहे ती माणसे खालच्या पाड्यात राहतात.

म्हणून ‘जंगलात सापडलेले नगर’ या बातमीच्या भाषेपासून आपण सावध राहिले पाहिजे. रान रिकामे नसते. व्हालेरियानाजवळ शेती करणारे होते, तसे आमच्या डोंगरात वारली, कातकरी, मल्हार कोळी आहेत. चित्रावर बोट ठेवून ही जागा प्राचीन आहे असे कुणी शहरात बसून ठरवले आणि उद्या तिथल्या माणसाच्या वहिवाटीला कुंपण पडले, तर तो उजेड त्याच्या काय कामाचा? जागेचा अर्थ त्याच्यासोबत चालत जाऊन लावायचा, आणि त्याच्या आज्याच्या बांधाची नोंदही त्याच नकाशात करायची, हीच रीत योग्य. आणखी एक भीती गुप्तधनवाल्यांची. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर खजिन्याच्या लोभाने खड्डे पाडणारे कमी नाहीत. त्यांच्या हाती नेमके अक्षांश-रेखांश देणे शहाणपणाचे नाही. त्यामुळे सगळे सरसकट उघडे करावे असे मला वाटत नाही. अभ्यासकांना, ग्रामसभांना आणि पुरातत्त्व खात्याला पाहता यावे, एवढे मात्र वाटते.

यादीत नाही म्हणजे नाहीच

हा हौशी लोकांचा विषय आहे असे कुणी म्हणेल. आमच्या तालुक्यात राहणाऱ्याला तसे म्हणता येत नाही. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण. राज्याचा स्मारकांचा कायदा १९६० चा आहे. पण हे सगळे संरक्षण यादीत नाव असलेल्या जागेला. रस्ता, खाण किंवा गोदामाची परवानगी देताना विचारतात ते एवढेच, की इथे संरक्षित स्मारक आहे का. ज्या जोत्याची कुणी कधी नोंदच केली नाही ते कागदोपत्री अस्तित्वातच नाही. त्यामुळे ते मोडल्याचा गुन्हाही होत नाही. गोदामे, दगडखाणी, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, विरार-अलिबाग मार्गिका यांचा दाब या पट्ट्यावर एकाच वेळी आहे. रस्ते नकोत असे माझे म्हणणे नाही. मीही याच रस्त्यांनी जातो. पण डोंगर फोडण्याआधी तो इंच इंच मोजला जातो, ती मोजणी इतिहासाच्या डोळ्यांनी एकदा पाहायला किती वेळ लागेल?

करण्यासारखे फार अवघड नाही. सरकारी पैशाने डोंगराळ किंवा वनजमिनीची लिडार मोजणी होईल तेव्हा तिची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे जावी, ही एक अट. ती वाचण्याचे काम विद्यापीठांतल्या पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना द्यावे. त्यांनी संशयाच्या जागांवर खुणा कराव्यात, आणि माघ-फाल्गुनात गावातल्या माणसांना घेऊन त्या पायी पाहून याव्यात. दहा खुणांपैकी सहा नागलीचे बांध निघाले तरी हरकत नाही. त्यांचीही नोंद होईल.

आणि घाई का, तेही सांगतो. बुलेट ट्रेनच्या पट्ट्यात आता खांब उभे राहत आहेत. तिथली जुनी जमीन, तिचे बांध, उंचवटे, वाटा पुन्हा कुणालाही पाहता येणार नाहीत. विमान वरून गेले तेव्हा जी जमीन होती ती आता फक्त त्या मोजणीत शिल्लक आहे. अभियंत्यांच्या दृष्टीने त्या फायलीचे काम संपले. आपल्या दृष्टीने मात्र तो भिवंडी तालुक्याचा एक पुराभिलेख झाला आहे, भादाण्याच्या ताम्रपटाइतकाच जपण्याजोगा. तो कुणी पुसून टाकण्याआधी वाचला गेला पाहिजे.